पेटीतून थेट पहिलीत

महाराष्ट्राच्या वयाच्या नियमाप्रमाणे २०२० साली जन्मलेली मुलं २०२६च्या जूनमध्ये पहिलीत बसतात. त्यांत दिवस भरण्याआधी जन्मलेली, पहिले काही आठवडे काचेच्या पेटीत काढलेली मुलंही असणार. शाळा त्यांचा जन्मदाखला मागते, आधार कार्ड मागते. कितव्या आठवड्यात जन्मलं, हे कोणी विचारत नाही. या मुलांच्या बाबतीत तेवढं विचारायलाच हवं.

३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं. २०२० साली भारतात अशी सुमारे ३० लाख बाळं जन्मली. जगातल्या एकूण आकड्याच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. त्यांतली बहुतेक वाचतात, आणि त्याचं श्रेय आपल्या नवजात कक्षांतल्या डॉक्टर-परिचारिकांना द्यायलाच हवं. पण पेटीतून बाहेर आल्यावरचं सगळं तारखांवर चालतं. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मापासून ३० दिवसांत तपासावा लागतो. आजार बळावलेला दिसला तर ४८ ते ७२ तासांत लेझर. नाहीतर दृष्टी कायमची जाऊ शकते. कानांची चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत, उपचार सहाव्यापर्यंत. हातापायांतला ताठरपणा तर जाणत्या माणसाने बाळाला हातात घेतल्याशिवाय नीट कळत नाही. कोरोनाच्या काळात डॉक्टरांनी फोनवर व्हिडिओ पाहून सल्ले दिले, मनापासून दिले, पण स्नायूचा ताण पडद्यावर कसा जोखणार?

आता पहिली टाळेबंदी आठवा. २५ मार्च ते ३१ मे, म्हणजे ६८ दिवस. दवाखाने उघडे होते, हे सरकारी उत्तर खरंच आहे. पण जिल्हा ओलांडणारी एसटी २० ऑगस्टला सुरू झाली, खासगी गाडीला ई-पास लागत होता, आणि तान्ह्या बाळाच्या डोळ्याचा पडदा तपासणारा डॉक्टर तालुक्याच्या गावी सहसा नसतो. जिल्हा रुग्णालयांचीच कोविड रुग्णालयं झाली होती. ‘एवढ्याशा जिवाला तिथं कशाला न्यायचं?’ असं घरातल्या आजीने म्हटलं, तर त्या दिवसांत तिला दोष तरी कसा द्यायचा?

घरी येणारी माणसंही दुसऱ्या कामाला लागली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळाची काळजी गावात, घरात जाऊन घेता येते हे दाखवून दिलं. आशाताईंच्या घरभेटी त्याच वाटेने देशभर आल्या. २०२०च्या सप्टेंबरात त्याच आशाताई ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ताप आणि ऑक्सिजन मोजत दारोदार फिरत होत्या. अंगणवाड्यांना कुलूप होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं कोविडच्या कामावर होती.

त्याहून मोठी चूक भीतीपोटी झाली, आणि ती जगभर झाली. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायचं, ही कांगारू पद्धत १९७८पासून, बोगोटातल्या एका गरीब रुग्णालयातून, जगभर पसरली. साथीत ६२ देशांतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारलं, तेव्हा दोनतृतीयांश जणांनी सांगितलं की कोरोना झालेल्या किंवा नुसता संशय असलेल्या आईला आम्ही हे करू देत नाही. संशोधकांनी दोन्हीकडचा हिशेब मांडला. कांगारू पद्धत सर्वांपर्यंत पोचली तर सव्वा लाखावर बाळं वाचू शकतात. त्यापायी कोरोनाने जाणाऱ्या बाळांचा अंदाज मात्र दोन हजारांच्या आत. जागतिक आरोग्य संघटना आईला बाळापासून तोडू नका असं सांगत होती, तरीही तोडलं गेलं.

‘वाढेल हळूहळू’, ‘याचे वडीलही उशिरा बोलले’, असं म्हणत ही मुलं घरात वाढली. त्यातली बरीच ठणठणीत असतील, आणि ज्यांना त्रास आहे त्यांचाही तो दिसेलच असं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस जन्मलेल्या, दोन किलोच्या आतल्या बाळांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक सर्वसाधारण मर्यादेत होता, पण पुऱ्या वजनाच्या मुलांपेक्षा कमी. लिहिताना आणि गणितात ती अडत होती. अशा मुलाला वर्गात काय म्हणतात, ते सांगायला नको. ‘लक्ष नाही’, ‘आळशी’, फार तर ‘मठ्ठ’. पेन्सिल धरताना बोटं का दुखतात, हे सहा वर्षांच्या मुलाला सांगता येत नाही, आणि त्याच्या जन्माचा इतिहास बाईंना ठाऊक नसतो.

यासाठी नवी योजना, नवं नाव, नवा फलक यांची काही गरज नाही. सरकारी नवजात कक्षात दाखल झालेल्या बाळाचं वजन, आठवडे, पत्ता यांची नोंद होते, तीही संगणकावर. बाल स्वास्थ्य पथकं वर्षातून एकदा शाळेत जातातच. आरोग्य विभागाने २०२० आणि २०२१च्या याद्या काढून तालुक्याच्या पथकाकडे द्याव्यात, आणि त्या मुलांची नजर, कान, बोलणं, हाताची पकड नुसती हजेरी घेतल्यासारखी नव्हे, नीट तपासावी. अडचण दिसली त्याला जिल्ह्याच्या उपचार केंद्रात पाठवावं, येण्याजाण्याच्या खर्चासह. खासगी रुग्णालयांत जन्मलेली मुलं या यादीत नसतील. त्यांच्या आईवडिलांनी कपाटातलं ते जुनं डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवावं, आणि पथक शाळेत येईल त्या दिवशी न विचारताच डॉक्टरांच्या हातात द्यावं.