पान उलटण्याआधी

मंगा या जपानी चित्रकथांमध्ये शांतताही लिहून दाखवतात. खोलीत कुणी बोलेनासं झालं की चित्रकार चौकटीतल्या मोकळ्या जागेत 'शीऽऽन' अशी अक्षरं काढतो. पाऊस, दारावरची थाप, छातीतली धडधड, सगळ्यांची अशी अक्षरं असतात, आणि चित्राबरोबरच ती हातानं रेखलेली असतात. शब्द कुठं संपला नि चित्र कुठं सुरू झालं, ते सांगता येत नाही. मंगाची खरी गंमत मला इथं वाटते. टपोरे डोळे आणि उभे केस हा वरवरचा भाग.

ओसामु तेझुका डॉक्टरकी शिकले आणि चित्रं काढत राहिले. त्यांनी १९७२ ते १९८३ या काळात बुद्धाचं चरित्र मंगात रंगवलं. आपल्याकडच्या वाचकानं सुरुवात तिथून करावी. मी मात्र पुन्हापुन्हा शिगेरु मिझुकींकडे वळतो. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा डावा हात गेला. त्याच युद्धावर १९७३ साली त्यांनी पुस्तक काढलं. त्यात सैनिकांचे चेहरे चार रेषांचे, जवळजवळ विनोदी. भोवतीचं जंगल मात्र पानापानासकट कोरलेलं. शेवटी प्रेतं येतात, तीही त्या जंगलाइतकीच बारकाव्यानं काढलेली. निवेदकाला तिथं बोलायला काही उरत नाही.

संपादक म्हणून मला हेवा वाटतो तो 'नेम'चा. शाई लावण्याआधी मंगाकार चौकटी, फुगे, संवाद यांचा कच्चा आराखडा करतो आणि संपादकासमोर ठेवतो. वाद काय घालायचा तो तेव्हाच! आपल्याकडे कथा येते, जुळणी होते, कोपऱ्यात जागा उरते, आणि मग चित्रकाराला फोन जातो. 'उद्यापर्यंत जमेल ना?'

चित्रावर विश्वास टाकणं आपल्याला अगदीच परकं नाही. 'आवाज' दिवाळी अंकातल्या खिडक्या आठवा: कापलेल्या चौकोनातून काहीतरी चावट दिसायचं, आणि पान उलटलं की निरागस चित्र. चावटपणा सगळा आपल्या डोक्यात! मंगाकारही पान उलटण्याच्या त्या क्षणावरच खेळतो. मंगा उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून उत्कंठेची गाठ तो डाव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बांधतो. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांनी तर मुखपृष्ठावरून शब्दच हद्दपार केले आणि महाराष्ट्राला हसवलं. दिवाळी अंकाच्या आतल्या पानांत मात्र चित्र कथेच्या मागेच उभं राहिलं.

यंदा आमच्या अंकातल्या काही कथांसाठी आम्ही लेखक आणि चित्रकार यांना सुरुवातीपासून एकत्र बसवलं. एका लेखकाचा पावसाचा लांबलचक परिच्छेद गळाला, कारण तो पाऊस चित्रात आधीच पडून गेला होता. ते रुसले, पुढच्या बैठकीत स्वतःहून आणखी एक परिच्छेद खोडून आले. दुसऱ्या एका जोडीचं अखेरपर्यंत पटलं नाही. ती कथा चित्राविना छापली आहे, आणि चांगली आहे. चित्रकारांना मानधन यंदा लेखकांइतकंच दिलं आहे.