एकांताचे भाडे

गेल्या फेब्रुवारीत मी तीन दिवस श्रीमंत होतो. माझ्या पंच्याहत्तरीनिमित्त मुलीने दक्षिण कोकणातल्या एका आलिशान विश्रामधामात माझी सोय केली होती. रात्रीचे भाडे तिने सांगितले नाही, आणि मीही भित्रेपणाने ते विचारले नाही. खोली उत्तम होती. माडांच्या सावलीत झोपाळा होता. समुद्र तर असा समोर मांडला होता, की व्यवस्थापकानेच तो पहाटे झाडूनपुसून ठेवला असावा! खोटे कशाला सांगू, मी सुखावलो.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन माडांतून किनाऱ्याकडे निघाली. तिसऱ्या काढायला जात असावी. रखवालदाराने तिला अडवले. पोरगा त्याच गावचा दिसत होता. तो हळूच म्हणाला, “आजये, हयसून नको. वरच्या रस्त्यान जा.”

म्हातारी थांबली. “तुझो आजो ह्याच वाटेन होडयेकडे जाय,” ती म्हणाली, “आणि तू माका वाट दाखयतंस?”

पोराने मान खाली घातली. मग माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याने पुढच्या दोन रात्री माझी झोप नासली. तिला अडवले होते ते माझ्यासाठी! माझ्या नजरेच्या टप्प्यात तिची पाटी येऊ नये, याचेही पैसे माझ्या मुलीने भरले होते.

तेव्हापासून माझे एक मत झाले आहे, ते सरळच मांडतो. या मंडळींनी समुद्र केलेला नाही, तट-बुरूज बांधलेले नाहीत, सूर्यास्तही त्यांच्या कारखान्यात तयार होत नाही. त्यांचा स्वतःचा म्हणावा असा माल एकच: इतर माणसांचे तिथे नसणे. जाहिरातीत त्याला ‘एकांत’ असे गोंडस नाव देतात. एकांतासाठी तुकोबाही भंडाऱ्याच्या डोंगरावर जात. पण म्हणून गुराख्यांना तो डोंगर बंद झाला नव्हता. खरा एकांत हवा असलेला माणूस गर्दीतून स्वतः उठून जातो. इथे बसणारा बसून राहतो आणि गर्दीला उठवतात.

ही कोकणातलीच रीत आहे असे नव्हे. माँटेनेग्रो देशात, एड्रियाटिक समुद्राकाठी, स्वेती स्तेफान नावाचे एक इवलेसे बेट आहे. वाळूच्या अरुंद पट्ट्याने ते किनाऱ्याला जोडलेले आहे. पंधराव्या शतकात पाश्त्रोविची जमातीच्या लोकांनी तिथे तटबंदीचे गाव वसवले. १९५० नंतरच्या दशकात युगोस्लाव्हियाच्या समाजवादी सरकारने उरलेल्या रहिवाशांना बाहेर हलवले आणि अख्ख्या गावाचे हॉटेल केले. घरे राहिली, कौले राहिली, गल्ल्याबोळ राहिले. चुली तेवढ्या विझल्या. सोफिया लॉरेन आणि एलिझाबेथ टेलर तिथे उतरल्या. १९९२ साली बॉबी फिशर आणि बोरिस स्पास्की यांचा गाजलेला बुद्धिबळाचा पुनर्सामना तिथेच सुरू झाला. २००७ साली ते बेट आणि लगतचे किनारे एका आंतरराष्ट्रीय कंपनीला ३० वर्षांच्या पट्ट्याने मिळाले. मग किनारा कोणाचा यावरून तंटा वाढत गेला आणि २०२१ साली हॉटेल उघडलेच नाही. समाजवाद्यांनी गावकऱ्यांना घरातून हलवले, भांडवलवाल्यांना ते किनाऱ्यावरही नकोसे झाले. दोन्ही तत्त्वज्ञानांचे या एका बाबतीत एकमत व्हावे, हे मोठे मौजेचे आहे!

कायद्याला ही गोष्ट नवी नाही. सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या कायदेग्रंथात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्रकिनारा ही सर्वांची सामाईक मानली आहेत. १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याच परंपरेचा हवाला दिला. हिमाचलात बियास नदीकाठच्या एका मॉटेलसाठी चक्क नदीचा प्रवाह वळवण्याचा उद्योग झाला होता. न्यायालयाने वनजमिनीचा पट्टा रद्द केला आणि बजावले, की अशा संपत्तीचे सरकार हे विश्वस्त आहे. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने तर माप घालून दिले: लोकांना किनाऱ्यावर जाता यावे म्हणून दोन हॉटेलांमध्ये किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा हवी. माझ्या म्हातारीची वाट दोन पावले रुंद होती.

यावर सुज्ञ लोक म्हणतील, हॉटेल आले नाही तर जुन्या वास्तू ढासळतील, गावातल्या पोरांना नोकऱ्या कुठून मिळतील? प्रश्न रास्त आहे. पडक्या भिंतीची पूजा करण्याचा मला शौक नाही. स्पेनमध्ये सांतियागो दे कोम्पोस्तेला या तीर्थक्षेत्री राजा-राणी फर्दिनांद व इसाबेल यांनी यात्रेकरूंसाठी रुग्णालय बांधवले होते. १९५४ पासून तिथे भारी हॉटेल आहे. पण दिवसाला काही यात्रेकरूंना फुकट जेवू घालण्याची प्रथा त्या हॉटेलाने सांभाळली. पंढरीच्या वाटेवरच्या धर्मशाळेत पंचतारांकित पाहुणे राहावेत आणि दारची वारकऱ्यांची पंगतही मोडू नये, तसे हे झाले. ज्यांच्यासाठी वास्तू उभी राहिली, त्यांची आठवण तिथे निदान ताटापुरती तरी उरली.

आपल्याकडे २०१९ च्या सप्टेंबरात सुमारे २५ किल्ले हॉटेलांसाठी देण्याची बातमी आली, तेव्हा केवढा गहजब झाला! शिवरायांशी संबंध असलेल्या किल्ल्यांना हात लागणार नाही, दुय्यम वर्गातल्यांचाच विचार आहे, असा सरकारने खुलासा केला. मला तो खुलासाच जास्त खटकला. ज्या किल्ल्याला थोर नाव नाही, त्याच्या माथ्यावरही एखादी देवी असते, तिची जत्रा असते, टाके असते, गुरांची वाट असते. गडावर दारू नको म्हणून आपण घसा फोडला. गडाची पायवाट कोणाची, हे फारसे कोणी विचारले नाही. पावित्र्यावरून आपण चटकन पेटतो. हक्काचे नाव काढले, की आपल्याला जांभई येते.

माझी मागणी फार लहान आहे. पट्टा द्यायचा तर द्या; पण गावची जुनी वाट त्या कागदावर आधी आखा आणि ती कोणी बुजवली तर पट्टा त्याच दिवशी रद्द करा. वाट उघडी राहिल्याने ज्या पाहुण्याचे सुख नासेल, त्याने खुशाल दुसरीकडे जावे.

त्या दुपारी म्हातारी वरच्या रस्त्याने वळसा घालून गेली. मी झोपाळ्यावरून उठलो नाही, हेही कबूल करतो. या दिवाळीच्या सुट्टीत वाचकांपैकी पुष्कळजण अशा ठिकाणी जातील. जरूर जावे. भाड्याचा आकडा विचाराल तेव्हा एवढेच आणखी विचारा: गावची वाट कुठून जाते?