वास येणारच!

"जुनी गाडी म्हटल्यावर पेट्रोलचा वास येणारच, साहेब!"

हे वाक्य मला 2025 साली दोन मेकॅनिकांनी, एका मेव्हण्याने आणि आमच्या शाखेतल्या झाडून साऱ्या सहकाऱ्यांनी ऐकवलं. सहकाऱ्यांपैकी तिघांकडे सायकलसुद्धा नाही. या वाक्याविरुद्ध माझी तक्रार आहे आणि ती मी आज रीतसर, तीन प्रतींत नोंदवणार आहे.

मी कॉमर्सचा माणूस. इंजिनाबद्दल मला इतकंच कळतं की ते पुढे असतं. पण एकवीस वर्षं बँकेत काढल्यावर एक गोष्ट अंगात मुरली आहे. जमाखर्चात फरक आला, की तो कुठून तरी आलेला असतो. 'जुनी शाखा म्हटल्यावर फरक येणारच' असं मी ऑडिटरला सांगून पाहावं, म्हणजे माझ्या नोकरीचाच जमाखर्च मिटेल! टाकी, नळ्या, पंप, कारब्युरेटर हा सगळा बंद हिशेब आहे. धडधाकट गाडी, मग ती तीस वर्षांची का असेना, आत बसणाऱ्याच्या नाकापर्यंत पेट्रोल पोचवत नाही. गरम इंजिन बंद केल्यावर कारब्युरेटरवाल्या गाडीच्या बॉनेटपाशी घटकाभर वास रेंगाळतो, तेवढा मी माफ करतो. सीटवर बसून येणारा वास म्हणजे गळती. मग वय काहीही असो.

आमची गाडी 1997 सालची, काकांकडून आलेली. वास यायचा, जायचा. पुढे पुढे मला तो येईनासाच झाला, कारण नाक हा अवयव मुळात सरकारी आहे. तीच ती फाईल रोज समोर आली की तो ती उघडायचं सोडून देतो. पहिल्या मेकॅनिकने डॅशबोर्डवर अत्तराची बाटली चिकटवून दिली. त्यानंतर गाडीला, पेट्रोल पंपावर लग्न लागल्यासारखा वास येऊ लागला. दुसरा म्हणाला, "हे सगळं त्या इथेनॉलमुळे." आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशभर आलं हे खरं, आणि जुन्या गाड्यांचं रबर त्या हिशेबाने बनवलेलं नव्हतं हेही खरं. पण मग नळ्या नकोत का तपासायला? रोगाचं नाव सांगून फी घ्यायची आणि रोग्याला घरी पाठवायचं, हा कुठला वैद्य?

असा दसरा उजाडला. 2 ऑक्टोबर. पगार झालेला, म्हणून आदल्या दिवशी मी ऐटीत टाकी काठोकाठ भरलेली. सौ.ने गाडीला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि नीरांजन घेऊन ओवाळत ओवाळत ती मागच्या चाकाशी आली. तेवढ्यात आईने तिचा हात धरून तिला मागे ओढलं.

"अगं थांब! रॉकेलचा भपकारा येतोय!"

आईच्या लेखी जे जळतं ते सगळं रॉकेल. पण नाक अगदी बरोबर. चिरंजीव उदबत्ती घेऊन तिथेच उकिडवे बसले होते.

त्या रात्री मला झोप नाही. पेट्रोल शून्याखाली 40 अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ती वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड, त्यामुळे ती जमिनीलगत साचते. म्हणजे नेमकी उदबत्तीच्या उंचीला! हवेत तिचं प्रमाण दीडेक टक्का झालं, की एक ठिणगी पुरे. वर त्यात बेंझिन, कर्करोगाचा जुना खातेदार. आणि हे सगळं म्हणे 'येणारच'!

पेट्रोलच्या पावत्या मी जपून ठेवतो. वासावरून आमची भांडणं कधी झाली, हे सौ.ला तारीखवार पाठ आहे. रात्री दोन वाजता दोन्ही याद्या ताडून पाहिल्या आणि फरक सापडला! वास पगारापाठोपाठ यायचा आणि पगारासारखाच चार दिवसांत नाहीसा व्हायचा. म्हणजे इंजिन निर्दोष. गळती टाकीच्या वरच्या अंगाला.

सकाळी गाडी चालू न करता तिसऱ्या मेकॅनिकला घरी आणलं. बॅटरीच्या उजेडात त्याने खालून पाहिलं, तर पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीकडे जाणारी जाड रबरी नळी टाचेसारखी भेगाळलेली आणि तिला ओलसर काळी धूळ चिकटलेली. टाकी भरली की पेट्रोल त्या नळीत उभं राहायचं आणि भेगांतून झिरपायचं. "तात्पुरती पाण्याची नळी लावू का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, साधं रबर पेट्रोलने फुगतं. पेट्रोलचीच नळी आण. नळी आणि दोन क्लिपा, खर्च अत्तराच्या तीन बाटल्यांइतका.

बँकेत 'सस्पेन्स' नावाचं एक खातं असतं. जुळत नाही ती रक्कम तिथे तात्पुरती टाकायची आणि मग शोधायची. आपण 'येणारच' नावाचं खातं उघडलंय. त्यात गळकं छप्पर, उघडी वायर, आजोबांचा खोकला, सगळं कायमचं जमा होतं, आणि एक दिवस सगळं व्याजासकट परत मिळतं.

गाडीला आता कसलाही वास येत नाही. परवा मेव्हणा शेजारी बसला आणि म्हणाला, "ब्रेक जरा उशिरा लागतो नाही? पण जुनी गाडी म्हटल्यावर..."

मी ब्रेक लावला, त्याला तिथेच उतरवलं आणि गाडी सरळ गॅरेजकडे घेतली.