ऑपरेशन डॉक्टर करते, पण कुत्रं उभं करावं लागते घरच्यांनीच

आजची नोंद संत्र्यावर नाही, कपाशीवरही नाही. कुत्र्याच्या गुडघ्यावर हाय. हसायचं त्यानं हसून घ्यावं, पण शेवटपर्यंत वाचावं.

आमचा शेरू 38 किलोचा. रात्रभर बगिच्यात रानडुक्कर अन् रोह्याच्या मागं धावणारा गडी. मागच्या उजव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला, नागपुरात ऑपरेशन झालं. आज 10 वा आठवडा. एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसलं. या 10 आठवड्यांत पारावर मी तीन वाक्यं रोज ऐकली. तिन्हींचं उत्तर देतो.

पहिलं वाक्य : "बांधून ठेव, आपोआप जुळते."

नाही जुळत. कुत्र्याच्या पायाच्या नळीचं जे हाड असते, त्याचा वरचा माथा मागच्या बाजूनं उतरता असतो. उतारावर बैलगाडी उभी करून चाकाखाली दगड लावतो ना आपण, तसा हा लिगामेंट. दगड निघाला की गाडी घसरते. लिगामेंट गेला की प्रत्येक पावलाला हाड पुढं सरकते, आतली गादी फाटते, सांधा झिजते. लहान, 10-12 किलोचं कुत्रं आरामावर बऱ्यापैकी निभावून नेते. भारी कुत्र्याचं तसं नसते. म्हणून डॉक्टर त्या हाडाचा माथा कापून फिरवतात, उतारच कमी करतात अन् वरून प्लेट-स्क्रू बसवतात. दुसऱ्या एका पद्धतीत सांध्याच्या बाहेरून जाड दोरा घालून आधार देतात. कोणती पद्धत, ते डॉक्टर ठरवते. पण बिब्बा लावणं अन् डाग देणं यानं कातडं जळते, लिगामेंट जुळत नाही. हे एकदा डोक्यात घ्या.

दुसरं वाक्य : "आता पाय टेकवते ना, मग सोड त्याले!"

हे सगळ्यात घातक. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दुखणं कमी होते अन् कुत्रं पाय टेकवते. पण कापलेलं हाड जुळायला साधारण 8 आठवडे लागतात. तुम्ही जंबेरीवर संत्र्याचा डोळा बांधता. हिरवा दिसला म्हणून दुसऱ्याच दिवशी पट्टी सोडता का? झाडाच्या बाबतीत एवढा धीर धरणारा माणूस जनावराच्या बाबतीत चौथ्या दिवशी अधीर होते. एक उडी, डुकरामागं एक धाव, अन् प्लेट वाकते, स्क्रू निघते. मग पुन्हा टेबलावर.

आम्ही काय केलं, ते नोंदवतो. तुमचा डॉक्टर सांगेल ते याच्यावर.

• पहिले 3 दिवस कापडात गुंडाळून बर्फ, 10-10 मिनिटं, दिवसातून तीनदा.
• पोटाखालून जुन्या धोतराची झोळी घालून दोघांनी धरून लघवी-शेणाले नेलं. फरशीवर पोते अंथरले, पाय घसरू नये म्हणून.
• टाके काढेपर्यंत गळ्यात कॉलर. चाटलं की जखम पिकते.
• कोठ्यातला एक कोपरा आडवून तेवढीच जागा. पायऱ्या नाही, बाजेवर उडी नाही, दुसऱ्या कुत्र्यासंग मस्ती नाही.
• चालणं दोरीनंच, अन् हळू. सुरुवातीले 5 मिनिटं, मग दर आठवड्याले थोडं वाढवत. हळू चालला तरच तो पाय वापरते, पळाला की तीन पायावर उड्या मारते.
• खाणं कमी केलं. काम बंद अन् भाकरी तेवढीच, तर वजन वाढणारच, अन् ते सगळं त्याच गुडघ्यावर येणार. एक गुडघा गेलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांचा दुसराही पुढं जातो. वजन आवरणं आपल्या हातात हाय.
• गोळी फक्त डॉक्टरनं दिलेली. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याले देऊ नका, पोटात रक्तस्राव होते, लिव्हर-किडनी जाते. डायक्लोफिनॅकचं जनावरांसाठी उत्पादन 2006 मध्ये बंद झालं, ते मेलेल्या जनावरातून गिधाडं मेली म्हणून. तो धडा आपण विसरलो काय?

शेरू अजून कामावर नाही. पूर्ण धावायला आणखी दोन-तीन महिने. तोवर रात्री मीच बॅटरी घेऊन फिरतो.

तिसरं वाक्य : "माणसाले दवाखान्याले पैसा नाही, अन् तू कुत्र्यावर घालवतं."

हा प्रश्न खोटा नाही. ऑपरेशन महाग हाय, सगळ्यांले झेपणार नाही, अन् ज्याले झेपत नाही त्याले मी नावं ठेवणार नाही. पण वर जे लिहिलं त्यात पोते, झोळी, दोरी, कमी भाकरी अन् धीर, याले पैसा किती लागते? ऑपरेशन न करताही डॉक्टरले दाखवून आराम अन् वजन सांभाळलं तर दुखणं कमी होते. पैशाचं कारण सांगून हेही न करणं, ही गरिबी नाही, बेपर्वाई हाय. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतो आपण, कारण त्यानं वर्षभर ओढलं. कुत्र्यानं वर्षभर रात्री जागल्या, त्याचा खांदा कोण शेकणार? अन् लंगडं झालं म्हणून त्याले उपाशी मरायला दूर सोडून येणं हा 1960 च्या कायद्यानं गुन्हा हाय, हेही माहीत असू द्या.

आता साहेब लोकांले. नागपुरात पशुवैद्यक महाविद्यालय 1958 पासून हाय, पशु विद्यापीठ 2000 पासून. ज्ञान आपल्या दारात हाय, पण ते गावात उतरत नाही. गाय-म्हैस-शेळीवर मेळावे होतात, राखणीच्या कुत्र्यावर एकही नाही. ऑपरेशननंतर हातात जो कागद मिळते तो इंग्रजीत. आठवडावार काय करायचं, काय नाही, असं एक पान मराठीत छापा. दवाखान्यात लावा, ग्रामपंचायतीत लावा. त्यात एक ओळ मोठ्या अक्षरात टाका : पाय टेकवला म्हणजे बरं झालं नाही.