चाकरी सोडण्यापूर्वी

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी’ ही म्हण आमच्या वाडवडिलांच्या तोंडी नेहमी असे. आज गावातील कोणत्याही ओसरीवर घटकाभर बसावे, तर हा क्रम नेमका उलटा झालेला दिसतो. मुलगा बारावी झाला की घरचा पहिला प्रश्न नोकरीचा, आणि ती शक्य तर सरकारी असावी हा आग्रह. याबद्दल आईबापांस दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ज्या घरात पावसाळ्यात हातात पैसा नसे, त्या घराला महिनाअखेरच्या ठराविक रकमेचे मोल अधिक वाटावे हे स्वाभाविकच आहे. ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्या भाषेत आला, आणि शब्दाबरोबर त्याची ओढही आपल्या मनात खोलवर रुजली. आम्ही स्वतः शिक्षक, म्हणजे पगारदारच. तेव्हा पगाराची निंदा आमच्या तोंडी शोभणार नाही. परंतु पगाराखेरीज दुसरी वाटच नाही, असे मानण्याइतके आपले मन आकुंचित व्हावे काय, हा प्रश्न विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटते.

उदाहरण अगदी साधे घेऊ, कारण मोठ्या उदाहरणांनी माणसे दिपून जातात आणि कामाला मात्र लागत नाहीत. गोव्यातील जुन्या घरांना शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या असत. त्यांतून मऊ उजेड आत येई, आणि त्या लखलखीत असाव्यात अशी कोणाची अपेक्षाही नसे. आज मांद्रे, आश्वे, मोरजी आणि हरमल या किनाऱ्यावर हॉटेले व बंगले उभे आहेत, आणि त्यांच्या भिंतीच्या भिंती काचेच्या आहेत. मोप येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून वाहतूक सुरू झाली, तेव्हापासून आपल्या पेडणे तालुक्याचे दार जगाला अधिकच उघडले आहे. समुद्राचा खारा वारा या काचांवर रात्रंदिवस मिठाचा थर चढवीत असतो. पाहुण्यास खिडकीतून समुद्र दिसावा म्हणून मालकाने काच बसविली. पण आठ दिवसांत त्या काचेतून समुद्र धूसर दिसू लागतो. म्हणजे काम आहे, आणि ते पुनःपुन्हा निघणारे आहे. एखाद्या हॉटेलात साफसफाईच्या खात्यात राबणाऱ्या आपल्या गावच्या तरुणाने ती नोकरी सोडून, दोन सोबती घेऊन, काचा स्वच्छ करण्याचा स्वतःचा धंदा काढला तर?

लगेच आमच्या कानी कोंकणीतला तो परिचित प्रश्न येतो : “शिकून जनेलां पुसतलो?” या तीन शब्दांत आपल्या समाजाचे एक जुने दुखणे साठलेले आहे. दुसऱ्याच्या हुकमाने काच पुसली, तर ती ‘हॉटेलातील नोकरी’ ठरते आणि सोयरिकीच्या बोलण्यात चारचौघांत सांगता येते. तीच काच स्वतःच्या नावावर पुसली, की ते हलके काम ठरते. काच तीच, पाणी तेच, हात तेच; बदलला तो फक्त हुकूम देणारा. आमच्या मते येथे प्रतिष्ठा कमी झालेली नसून जबाबदारी वाढलेली आहे, आणि आपण भितो ते बहुधा त्या जबाबदारीलाच.

शिवाय ज्याला आपण हलके म्हणतो, त्या कामात शास्त्र किती आहे हेही पाहावे. खाऱ्या वाऱ्याने माखलेली काच कोरड्या फडक्याने पुसू नये. मिठाबरोबर चिकटलेले वाळूचे कण तिच्यावर ओरखडे काढतात. आधी भरपूर पाण्याने ती भिजवावी, मग साबणाच्या पाण्याने घासावी आणि रबरी पट्टीच्या वायपरने वरून खाली पाणी ओढून घ्यावे. प्रत्येक ओढीनंतर पट्टी पुसावी, नाहीतर रेघा उमटतात. दुपारच्या उन्हात हे काम करू नये, कारण पाणी ओढण्यापूर्वीच सुकते. बोअरवेलचे पाणी जड असेल तर त्यातील चुन्याचे पांढरे डाग काचेवर राहतात. ते सौम्य आम्लाने, म्हणजे व्हिनेगरसारख्या पदार्थाने, निघतात. रसायनशास्त्राच्या तासाला आम्ल आणि क्षार यांचा धडा कंटाळवाणा वाटणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

या साध्या वायपरलाही एक इतिहास आहे. एत्तोरे स्टेकोने नावाचा इटालियन कामगार १९२२ मध्ये अमेरिकेत गेला आणि कॅलिफोर्नियात खिडक्या धुण्याचे काम करू लागला. त्या काळचे हत्यार पोलादी व अवजड असे, आणि त्याची रबरी पट्टी बदलण्यासाठी अनेक स्क्रू सोडवावे लागत. रोज हातात धरल्यामुळे त्याचे दोष स्टेकोनेला नेमके ठाऊक होते. त्याने पितळेचे, हलके, एकाच पट्टीचे हत्यार घडविले आणि त्याचे पेटंट मिळविले. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या वायपरची घडण मुख्यतः तीच आहे. खिडकी धुणारा मनुष्य कारखानदार झाला, तो आपल्या कामाची लाज वाटून नव्हे, तर त्या कामाकडे डोळे उघडे ठेवून पाहिल्यामुळे.

इतक्या दूरचे उदाहरण नको असेल, तर आपल्या शेजारच्या बेळगावकडे पाहावे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक चित्रकलेचे शिक्षक होते, आमचेच व्यवसायबंधू. त्यांना मिळावयाची बढती दुसऱ्याला मिळाली, आणि १८९७ च्या सुमारास ते नोकरी सोडून बेळगावी आले. ही कथा सांगताना लोक बहुधा बढतीच्या अपमानावर भर देतात. आम्हांस मात्र त्याआधीचा भाग अधिक बोधप्रद वाटतो. मुंबईत नोकरीत असतानाच लक्ष्मणरावांना सायकलीच्या धंद्याची वाट दिसली होती, आणि बेळगावी त्यांचे बंधू रामूअण्णा सायकली विकण्याचे व लोकांना त्या चालवावयास शिकविण्याचे काम पाहत होते. म्हणजे पगाराचा दोर सुटला, तेव्हा पायाखाली थोडी का होईना, जमीन तयार होती. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीने शेतकरी त्या नांगराला हात लावीनात. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. नंतर बेळगावची जागाही सोडावी लागली, आणि औंधच्या अधिपतींच्या साहाय्याने १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. अपमानाने माणूस नोकरी सोडतो, पण धंदा टिकतो तो तयारीने आणि धीराने, असे या चरित्रावरून आम्ही समजतो.

तयारी म्हणजे काय, हे अंकगणितानेच सांगतो. समजा, एखाद्या तरुणाला महिना १५,००० रुपये पगार आहे. ‘तेवढ्याच रकमेची कामे मिळाली की झाले’ असे तो म्हणेल, तर तो फसेल. भविष्यनिर्वाह निधीत मालक पगाराच्या १२ टक्के भरीत असेल, तर ते १,८०० रुपये आता स्वतःच बाजूला काढावे लागतील. साबण, पट्ट्या, शिडी आणि दुचाकीचे पेट्रोल यांस ३,००० धरू. म्हणजे पूर्वीच्याच स्थितीत राहण्यासाठी महिना १९,८०० आणि वर्षाला २,३७,६०० रुपये हवेत. आता आपल्या किनाऱ्यावरचे चार महिने पावसाचे. त्या काळात निम्मेच काम मिळेल असे मानले, तर वर्षात पूर्ण कामाचे महिने दहाच भरतात, आणि हंगामातील प्रत्येक महिन्याची गरज २३,७६० रुपयांवर जाते. सोबत्यांची मजुरी यात धरलेलीच नाही. हे गणित भिववण्यासाठी नाही. ज्याने ते नोकरीत असतानाच केले, सुटीच्या दिवशी दोन-चार घरांची कामे घेऊन पडताळले आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरती शिल्लक गाठीस बांधली, त्याला आम्ही ‘सोड नोकरी’ असे बिनदिक्कत सांगू. ज्याने केवळ मुकादमाच्या बोलण्याचा राग मनात धरला आहे, त्याला सांगू, ‘बाबा, आणखी एक हंगाम थांब.’

सोडण्याचीही एक रीत असते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे २७ वे कलम माणसाच्या उद्योगस्वातंत्र्याचे रक्षण करते. नोकरी सुटल्यानंतर तोच धंदा करू नये, असे बंधन सामान्यतः टिकत नाही. पण कायदा जेथे थांबतो, तेथून सचोटी सुरू होते. पगार घेत असताना मालकाचीच गिऱ्हाइके गुपचूप फोडणे, त्याच्या कोठारातील साबणाने स्वतःची कामे उरकणे, हंगाम भरात असताना न सांगता निघून जाणे, हे स्वातंत्र्य नव्हे. आपले गाव लहान आहे. काल ज्याला फसविले, तोच उद्या बाजारात समोर उभा राहतो. ठरलेली मुदत देऊन, हातातले काम पुरे करून, किल्ल्या हातात देऊन जो निघतो, त्याला जुना मालकच पहिले काम देण्याचा संभव असतो.

आणखी एक गोष्ट. स्वतःचा धंदा काढणारा उद्या कोणाचा तरी मालक होतो. उंच काचेवर आपल्या सोबत्यास चढविताना दोर, कमरेचा पट्टा आणि विमा यांचा खर्च वाचविणारा मनुष्य मालक होण्यास लायक नाही, मग त्याची काच कितीही लखलखीत असो. ज्या वागणुकीला कंटाळून आपण चाकरी सोडली, तीच वागणूक आपण दुसऱ्यास दिली, तर फक्त खुर्ची बदलली, माणूस बदलला नाही.

पालकांस आमची विनंती एवढीच, की मुलाने असा काही बेत सांगितला तर ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आधी त्याची हिशेबाची वही मागावी. ती वही कोरी असेल तर त्याला खुशाल अडवा; भरलेली असेल, तर त्याच्या पाठीवर हात ठेवा. सरकारी कचेऱ्यांतील जागा मोजक्या आहेत, आणि त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसण्यात कित्येक तरुणांची ऐन उमेदीची वर्षे जातात. विद्यार्थिमित्रहो, तुम्ही पुढे नोकरी कराल की धंदा, हे आम्ही ठरविणार नाही. नोकरी कराल तर ती मान ताठ ठेवून करा, आणि धंदा काढाल तर तो हिशेब चोख ठेवून काढा. कोणते काम हलके आणि कोणते भारी, हे कामावरून ठरत नाही. ते करणाऱ्याच्या हातावरून ठरते.