उभ्याने घेतलेली बैठक

रायपूरला बदली होऊन आलेल्या मराठी माणसाची पावले पहिल्या-दुसऱ्या रविवारीच चौबे कॉलोनीकडे वळतात, कारण १९३५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू तेथे आहे. माझ्याही येथील बहुतेक ओळखी तेथूनच झाल्या. त्यांपैकी एका कुटुंबाकडे मध्यंतरी सकाळी चहाला गेलो होतो. सरकारी सुटी होती. खासगी कंपन्यांना ती नव्हती. त्यांची मुलगी पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि घरूनच काम करते. पावणेदहा वाजता तिने लॅपटॉप उचलून कपाटावर ठेवला आणि ती उभ्याउभ्याच बोलू लागली. बरोबर दहा वाजता लॅपटॉप मिटला.

"संपली बैठक?" मी विचारले.

"संपली काका. रोज एवढीच असते."

"आणि उभ्याने का?"

"बसलं की माणसं लांबण लावतात."

हे वाक्य मला लागले. सुमारे तीस वर्षांच्या नोकरीत मी किती बैठकांना बसलो याची गणती नाही. आमच्याकडे 'मागील बैठकीच्या इतिवृत्तास मंजुरी' हा पहिला विषयच पंधरा मिनिटांहून अधिक चालतो, आणि तोवर चहा आलेला नसतो.

एरवी मी हा प्रकार हसण्यावारी नेला असता. परंतु स्क्रम, अ‍ॅजाइल, स्प्रिंट हे शब्द आता आमच्याही प्रशिक्षणवर्गांत ऐकू येऊ लागले आहेत. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या डकवल्या जातात, छायाचित्रे निघतात, आणि सोमवारी फाईल पूर्वीच्याच गतीने पूर्वीच्याच टेबलांवरून फिरू लागते. म्हणून मूळ पद्धत काय आहे ते समजून घ्यावे असे वाटले. तिची अधिकृत मार्गदर्शिका जेमतेम तेरा-चौदा पानांची आहे. (आमचे प्रवासभत्त्याचे नियम याहून पुष्कळ लांब आहेत!)

स्क्रम हा मूळचा रग्बी खेळातला शब्द. १९८६ साली ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधील लेखात असे मांडले की, नवी वस्तू तयार करण्याचे काम रिले शर्यतीसारखे करू नये. एकाने धावायचे, काठी दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि आपण मोकळे व्हायचे, या रीतीने वेग येत नाही. रग्बीचा संघ जसा चेंडू आपसांत देत घेत एकत्र पुढे सरकतो, तसे काम करावे. पुढे १९९५ मध्ये जेफ सदरलँड आणि केन श्वेबर यांनी सॉफ्टवेअरच्या कामासाठी याच नावाची पद्धत मांडली, आणि फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटा राज्यातील स्नोबर्ड येथे जमलेल्या सतरा जणांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा तयार केला. आपल्याला रग्बी परकी. पण कबड्डीत बचाव करणाऱ्यांची साखळी ठाऊक आहे. चढाई करणारा आत आला की कोणी हात सोडून "माझे क्षेत्र संपले" असे म्हणत नाही. सरकारी फाईल मात्र शुद्ध रिले शर्यत आहे. काठी पुढच्याच्या हातात पडली की नाही याची पोचपावती घ्यायला आपण विसरत नाही, काठी मुक्कामी पोचली का हे पाहणे मात्र कोणाचेच काम नसते.

पद्धतीचा सांगाडा सोपा आहे. दहा किंवा त्याहून कमी माणसांचा संघ. कामाचे लहान लहान टप्पे, प्रत्येक टप्पा जास्तीत जास्त एक महिन्याचा. त्याला स्प्रिंट म्हणतात. टप्प्याच्या आरंभी काय करायचे ते ठरवायचे, रोज पंधरा मिनिटे एकत्र यायचे, शेवटी झालेले काम ज्यांच्यासाठी केले त्यांना दाखवायचे आणि मग संघाने आपसांत बसून आपले कोठे चुकले ते बोलायचे. उभे राहण्याचे बंधन मार्गदर्शिकेत नाही. काल काय केले, आज काय करणार, अडचण कोणती, हे तीन प्रश्नही २०२० च्या आवृत्तीतून वगळले आहेत, कारण पुष्कळ ठिकाणी त्यांचे रूपांतर हजेरीत झाले होते. हजेरीपटाची आवड केवळ आपल्यालाच आहे असे नाही तर!

करायच्या कामांच्या यादीला ते बॅकलॉग म्हणतात. मराठी वाचकाला या शब्दाचा प्रतिशब्द चांगलाच परिचित आहे: अनुशेष. १९८३ साली नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने महाराष्ट्रातील प्रादेशिक अनुशेष मोजला, तेव्हापासून हा शब्द आपल्या कानी तक्रारीच्याच सुरात येतो. अनुशेष म्हणजे राहून गेलेले, लाजिरवाणे. स्क्रममधील अनुशेषात लाजिरवाणे काही नाही. ती केवळ क्रम लावलेली यादी असते, आणि सारे महत्त्व त्या क्रमाला आहे. सर्वांत वरचे काम कोणते? हा क्रम लावणारी व्यक्ती, जिला प्रॉडक्ट ओनर म्हणतात, एकच असावी, समिती असू नये, असे मार्गदर्शिका स्पष्ट सांगते.

माझ्या मते सरकारी कार्यालयात ही पद्धत अडते ती येथे. आमच्याकडे सर्व कामे 'सर्वोच्च प्राधान्याची' असतात. 'तात्काळ' असा शिक्का नसलेली फाईल दाखवा आणि बक्षीस मिळवा. हे आधी, ते नंतर, आणि अमुक मुळीच नको, हे लेखी सांगण्याची हिंमत करणारा अधिकारी विरळा. कारण 'नको' म्हटलेल्या कामावर पुढे आक्षेप येऊ शकतो, सर्वच कामांना 'हो' म्हटल्यावर मात्र कोणी काही विचारत नाही.

हे मी दुसऱ्यांविषयी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात असताना अर्जनोंदणीची संगणकप्रणाली करून घेण्याचे काम माझ्याकडे होते. मी मोठ्या हौसेने १८० पानांचा आवश्यकता-अहवाल तयार केला. कोणत्याही विभागाची सूचना मी नाकारली नाही. तीन वरिष्ठांच्या स्वाक्षऱ्या झाल्या, निविदा निघाली, चौदा महिन्यांनी प्रणाली हाती आली. तोवर प्रत्यक्ष अर्ज भरून घेणाऱ्या एकाही कर्मचाऱ्याने ती पाहिली नव्हती. पहिल्याच दिवशी बस्तरकडील एका उपकार्यालयातून दूरध्वनी आला. अर्जात घर क्रमांक भरल्याखेरीज पुढचे पान उघडत नव्हते, आणि तेथील पाऱ्यांमध्ये, म्हणजे वस्त्यांमध्ये, घरांना क्रमांकच नव्हते. दुरुस्तीसाठी कंत्राटदाराने करारानुसार वेगळे पैसे मागितले. त्या मागणीची फाईल वर गेली. दरम्यान कर्मचाऱ्यांनी आपला मार्ग काढला: सर्वांचा घर क्रमांक '१'. वर्षभराने मी यादी पाहिली तेव्हा शेकडो कुटुंबे कागदोपत्री एकाच घरात राहत होती. त्यांतील कित्येकांची पत्रे पत्ता अपुरा म्हणून परत आली होती. त्या माणसांना त्यांच्या अर्जाचे काय झाले हे कधी कळलेच नाही.

प्रणाली ज्यांच्या हाती पडणार त्या दोन कर्मचाऱ्यांना पहिल्या महिन्यातच अर्धवट पडदा दाखवला असता तर ही चूक दहा मिनिटांत सुटली असती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी हे ओळखायला हवे होते. फ्रीड्रिश हायेक यांनी १९४५ मध्येच दाखवून दिले आहे की, उपयोगाचे ज्ञान मध्यवर्ती ठिकाणी एकवटलेले नसते. ते त्या त्या जागी, त्या त्या वेळी असणाऱ्या माणसांपाशी विखुरलेले असते. १८० पानांचा अहवाल म्हणजे ते सारे माझ्या टेबलावर गोळा झाले आहे असा माझा गैरसमज होता.

अशा चुका श्रीमंत देशांतही होतात. अमेरिकेच्या एफबीआयने प्रकरणांच्या नोंदीसाठी हाती घेतलेला प्रकल्प सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये सोडून दिला. त्यानंतरच्या 'सेंटिनल' प्रकल्पावर २०१० पर्यंत ४० कोटींच्या वर खर्च झाला आणि काम निम्म्याच्या आसपास होते. तेव्हा संस्थेने ते आपल्या हाती घेतले, लहान संघ नेमला, दर थोड्या आठवड्यांनी चालते काम दाखवण्याचा नियम केला, आणि जुलै २०१२ मध्ये प्रणाली सुरू झाली.

पण मला अमेरिकेपेक्षा रायपूरचे उदाहरण अधिक मोलाचे वाटते. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले तेव्हा येथील शिधावाटपाची ख्याती चांगली नव्हती. ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा या अर्थतज्ज्ञांच्या अनुमानानुसार २००४-०५ मध्ये सुमारे निम्मे धान्य वाटेत गळत होते. २००९-१० पर्यंत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आले. हे एका भव्य आराखड्याने झाले नाही. २००४ मध्ये खासगी दुकानदारांकडून दुकाने काढून ती ग्रामपंचायती, बचतगट आणि सहकारी संस्थांकडे दिली. मग २००७ पासून धानखरेदी आणि शिधापत्रिका संगणकावर आल्या. धान्य नेणाऱ्या मालमोटारी पिवळ्या रंगवल्या, आणि मालमोटार निघाली की नाव नोंदवलेल्या गावकऱ्याच्या मोबाइलवर संदेश जाऊ लागला. शेवटी २०१२ मध्ये रायपूर शहरातल्या मोजक्या दुकानांपासून आरंभ करून शिधापत्रिकाधारकाला आपले दुकान आपणच निवडता येईल अशी व्यवस्था झाली. एका दुकानदाराने हिडीसफिडीस केले तर बाई पुढच्या चौकातल्या दुकानात जाऊ शकत होती. आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये तक्रार आणि काढता पाय असे ग्राहकाचे जे दोन मार्ग सांगितले, त्यांतला दुसरा गरिबाच्या हाती प्रथमच आला.

याला स्क्रमचे नाव देणे हा अतिरेक होईल. परंतु स्क्रमचा गाभा यात आहे. प्रत्येक टप्पा आपल्यापुरता पुरा होता, दुसऱ्याच दिवशी वापरता येत होता, आणि तो कसा चालतो हे पाहून मग पुढचा ठरत होता. आणखी एक गोष्ट अशी की प्रणाली बांधणारे बाहेरचे कंत्राटदार नव्हते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, म्हणजे एनआयसीचे, येथील संगणकतज्ज्ञ आणि राज्याचे अन्न खाते मिळून ते काम करत होते. बदल सुचला की करारातील कलम शोधावे लागत नव्हते. निश्चित कामाची निश्चित किंमत ठरवणारी आपली निविदापद्धत रस्त्यासाठी, इमारतीसाठी ठीक आहे. ज्या कामाचे स्वरूप करता करताच कळत जाते, त्यासाठी ती माझ्या घर क्रमांकासारखी गाठ मारून ठेवते. अशा कामासाठी संघाच्या वेळेचे पैसे द्यावेत, दर महिन्याला चालते काम पाहावे आणि पटले नाही तर तेथेच थांबावे. लेखापरीक्षकांनाही यात हरकतीचे काही दिसू नये: महिन्याचा खर्च बुडाला तर तो महिन्याचाच बुडतो.

या उदाहरणालाही मर्यादा आहेत. २०१५ मध्ये येथील नागरी पुरवठा महामंडळावर लाचलुचपतविरोधी यंत्रणेचे छापे पडले. पडद्यावर मालमोटार दिसली म्हणून पोत्यातल्या तांदळाची प्रत दिसत नाही. आणि शहरात दुकान निवडण्याची मुभा एवढ्या लवकर देणारे हे राज्य 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेत मात्र अगदी शेवटी शेवटी, फेब्रुवारी २०२२ मध्ये सामील झाले. टप्प्याटप्प्याने चालणारा कोठेतरी थांबूही शकतो, आणि त्याला पुढे हो म्हणणारा एक माणूस लागतो. तो माणूस आपल्याकडे दोन-तीन वर्षांत बदलून जातो. नवा येतो तो आपली यादी घेऊन.

मला विचाराल तर सर्वांत कठीण आहे ते अर्धवट काम पाहणे. खालच्याने अपुरे काम आणले की आम्ही लाल शाईने शेरा मारतो. मग तो पुरे होईपर्यंत दाखवतच नाही, आणि पुरे झाल्यावर चूक दुरुस्त करण्याची वेळ गेलेली असते. चुकीची बातमी लवकर आणणाऱ्याला जो वरिष्ठ बसायला खुर्ची देतो, त्याच्या कार्यालयात रंगीत चिठ्ठ्यांची गरज नाही.

हे सारे वाचून झाल्यावर मी आमच्या शाखेतील पाच जणांना घेऊन रोज सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी उभ्याने भेटण्याचे ठरवले. खुर्च्या भिंतीशी लावल्या. मार्गदर्शिकेने वगळलेले तीन प्रश्न मी ठेवले, नवशिक्याला काठी लागतेच. पहिले दोन दिवस कोणालाच काही अडचण नव्हती. तिसऱ्या दिवशी आमचे ज्येष्ठ सहायक, निवृत्तीला सात महिने राहिलेले गृहस्थ, खाली पाहत म्हणाले, "सर, अड़चन तो यही है कि फाइल नौ दिन से आप ही के पास है।"

कोणी हसले नाही. ती फाईल मी त्याच दुपारी निकाली काढली. पुढच्या आठवड्यात दोन दिवस मी दौऱ्यावर होतो. बैठक माझ्यावाचून झाली आणि बारा मिनिटांत संपली, असे परतल्यावर कळले.