आवाज येतो, शब्द येत नाहीत

दिवाळीत पाहुणे आले की घरातला टेलिव्हिजन अभ्यंगस्नानापासून निजानीज होईपर्यंत बोलत असतो. गेल्या दिवाळीत आमचा असाच बोलता बोलता एकाएकी मुका झाला. चित्र लख्ख, नायिका हुंदके देते आहे, पण हुंदका काही ऐकू येईना. आम्ही रिमोटचे सेल बदलले, सेटच्या पाठीवर दोन थापा मारल्या (हल्लीच्या पापडासारख्या सेटवर हा वडिलोपार्जित उपाय करू नये) आणि अखेर दुरुस्तीवाल्याला बोलाविले. त्याने पडद्यावर सेटिंगचे पान उघडले आणि आवाज कोठे चालला आहे ते पाहिले. तो चालला होता आमच्या चिरंजीवांच्या बिनतारी इअरफोनांत! आदल्या रात्री सेटची त्यांच्याशी जुळलेली गाठ तशीच राहिली होती, आणि ते उशीखाली पडल्या पडल्या मालिका ऐकत होते. भेटीचे पैसे मात्र आम्हांला मोजावे लागले.

तेव्हा सेट मुका झाल्यास आधी दुसरी वाहिनी लावावी. तेथे आवाज असेल तर दोष त्या वाहिनीचा, स्वस्थ बसावे. सगळ्याच वाहिन्या मुक्या असतील तर पेन ड्राइव्हवरचे एखादे गाणे लावून पाहावे. गाणे वाजले तर सेट निर्दोष. मग सेट-टॉप बॉक्स आणि मधली केबल यांच्याकडे वळावे. या बॉक्सचाही आवाज स्वतंत्रपणे कमी-जास्त होतो, हे पुष्कळांच्या गावी नसते. तो जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि रोजची चढउतार सेटवरच करावी. बॉक्सच्या सेटिंगमध्ये आवाजाचा प्रकार ‘डॉल्बी’ असेल तर ‘पीसीएम’ करून पाहावा. आणि गाणेही वाजत नसेल, तर आवाज ‘टीव्ही स्पीकर’कडे लावला आहे ना, एवढे पाहून मगच दुरुस्तीवाल्याला फोन करावा.

पण मुका सेट हे सोपे दुखणे. आमच्या घरातले खरे दुखणे निराळेच होते.

आमचे अण्णा एकोणऐंशी वर्षांचे. संध्याकाळी मालिका सुरू झाली की म्हणत, “वाढव रे जरा.” बावीसचे तीस होई, तिसाचे अडतीस. तेवढ्यात जाहिरात लागे आणि अण्णाच कानांवर हात ठेवून ओरडत, “अरे, केवढा हा आवाज! कमी कर!” पलीकडच्या खोलीत कन्येचा दहावीचा अभ्यास, स्वयंपाकघरातून मंडळींची कुरकुर. एके दिवशी चिरंजीव तोंडातल्या तोंडात म्हणाले, “आजोबांना ऐकूच येत नाही.” नेमके तेवढे अण्णांना ऐकू आले. ते उठून गॅलरीत जाऊन बसले, आणि पुढे आठ दिवस टेलिव्हिजनसमोर आले नाहीत. तेव्हा आमच्या ध्यानात आले की, ते बागेतल्या मित्रमंडळींतही जाईनासे झाले आहेत. विचारले तर म्हणाले, “प्रश्न एक असतो, मी उत्तर भलतेच देतो. हसतात सगळे.” मग थोडे थांबून म्हणाले, “आवाज येतो रे. शब्द येत नाहीत.”

या एका वाक्यात सगळे निदान होते. आम्ही मात्र दोन वर्षे आवाजाचा आकडाच वाढवीत बसलो होतो.

गोष्ट अशी आहे. बोलण्यातला जोर असतो स्वरांत, आणि अर्थ असतो बराचसा व्यंजनांत. ‘आ’, ‘ओ’ हे खालच्या पट्टीचे, दणकट. स, श, फ, त यांसारखी व्यंजने दुबळी, आणि त्यांतल्या ‘स’चा जोर तर चार हजार हर्ट्झच्या आसपास आणि त्याही वर. वय झाले की कान प्रथम हीच उंच पट्टी गमावतो. मग ‘सात’ की ‘हात’ हे समजत नाही, पण कोणीतरी ‘आ’ केला हे मात्र स्वच्छ समजते. आवाज वाढवला की आधीच दणकट असलेला ‘आ’ अधिक दणकट होतो, एवढेच. शिवाय अशा कानात ‘ऐकू न येणे’ आणि ‘सहन न होणे’ यांतले अंतर कमी होते. म्हणूनच ‘वाढव’ आणि ‘कमी कर’ ही दोन्ही फर्माने एकाच तोंडून निघतात. तो काही म्हातारपणाचा हेका नव्हे.

त्यात सेटही हातभार लावतो. १९७२ साली मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले, त्यानंतर घरोघरी आलेल्या लाकडी पेटीच्या सेटांत बहुधा स्पीकर समोर असे, आपल्याशी तोंडातोंडी बोले. आता सेट पातळ झाले आणि पुष्कळांचे स्पीकर जमिनीकडे किंवा भिंतीकडे तोंड करून बसले. उंच पट्टीचा आवाज सरळ रेषेत जाणारा. तो भिंतीवर आपटून, पडद्यांत जिरून कानाशी येईतो व्यंजने वाटेतच सांडतात. चित्रपटांचे आणखी एक. त्यांचा आवाज पुष्कळदा ‘५.१’ म्हणजे सहा वाटांचा असतो आणि संवाद मुख्यतः मधल्या वाटेवर. सेटला स्पीकर दोनच असले की सहांची खिचडी होते, आणि संवाद पार्श्वसंगीताखाली गाडले जातात.

आम्ही चित्रपटासाठी ‘५.१’ऐवजी ‘स्टीरिओ’ निवडला. सेटिंगमध्ये संवाद उठावदार करण्याची सोय सापडली (प्रत्येक कंपनी तिला निराळे नाव देते, ‘व्हॉइस’ किंवा ‘स्पीच’ असा शब्द शोधावा). ‘नाइट मोड’ लावला. त्याने मोठा आवाज दबतो आणि बारीक वर येतो, म्हणजे अण्णांच्या कानाला हवे तेच. सेटखाली समोर तोंड करून एक छोटा साउंडबार ठेवला. तळाशी अक्षरेही लावली. ती मंडळी आता स्वतःच आवडीने वाचतात.

पण मुख्य काम कानाच्या डॉक्टरांकडे झाले. तेथवर जायला अण्णा महिनाभर तयार नव्हते. “यंत्र लावून हिंडू काय?” म्हणत. डॉक्टरांनी आधी साठलेला मळ काढला, मग श्रवणचाचणी घेतली. त्या कागदावरची रेघ उजवीकडे, उंच पट्टीकडे, घाटातल्या रस्त्यासारखी उतरत गेली होती. श्रवणयंत्रे आली तेव्हा पहिले काही आठवडे भांडणाचे गेले: वर्तमानपत्राचा कागद कडकडतो, ताटल्या वाजतात, पंखा बोलतो. यंत्रे दोनदा नेऊन जुळवून आणली. सवय व्हायला वेळ लागतो, हे श्रवणतज्ज्ञांनी आधीच बजावले होते.

आता सेट सोळावर असतो. अण्णा आपल्या जुन्या खुर्चीत बसतात. परवा मालिका पाहता पाहता ते एकदम सरसावून म्हणाले, “अरे, ही सासू तर भली बाई आहे! दोन वर्षे मी तिला उगाचच शिव्या देत होतो.”